माझे आवडते चित्रकार आणि एक पेंटर

(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले हिंदी शब्द लिहून काढताना शक्य तिथे बदलले आहेत.)



कार्यवाहांनी जेव्हा मला सांगितले की या वर्षी तुम्ही 'माझे आवडते चित्रकार' या विषयावर बोलायचे आहे, तेव्हा मी आधी हसलो. मी डिप्लोमा झालेला मेकॅनिकलचा माणूस. २००४ साली डीरेकात रुजू झालो, तेव्हापासून इंजिने बनवतो आहे. २०२० पासून कारखान्याचे नाव बरेका झाले, पण तोंडात अजून जुनेच येते. कलासमीक्षक तर मी नाहीच. पण कार्यवाह म्हणाले, "साहेब, रोज ड्रॉइंग बघता ना? मग चित्रांवर बोला." त्यांना काय माहीत, त्यांनी कुठे बोट ठेवले ते!

तर सुरुवात घरापासून करतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कुर्डुवाडीला रेल्वेत आय.ओ.डब्ल्यू.च्या हाताखाली पेंटर होते. म्हणजे स्टेशनवरचे पिवळे बोर्ड, त्यावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. माढा, मोहोळ, कुर्डुवाडी या बाजूचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे होते. सुताला खडू लावून ते बोर्डावर ताणायचे आणि टिचकी मारून सोडायचे. त्या पुसट पांढऱ्या रेषेवर अक्षरे बसवायची. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवे मनगट टेकलेले. लहानपणी रविवारी मी शिडी धरायला जायचो.

घरात भिंतीला कॅलेंडरे असायची, ती बहुतेक रघुवीर मुळगावकरांची. वर्ष संपले की अण्णा खालचा तारखांचा भाग कापून टाकायचे आणि वरचे चित्र एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. तेव्हा माझा पहिला आवडता चित्रकार मुळगावकरच. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींना त्यांच्याबद्दल सांगायची गरज नाही. गोव्याचा माणूस, अस्नोड्याचा, जन्म १९१८ चा. त्यांचा गणपती, त्यांची लक्ष्मी, त्यांचा बाळकृष्ण मराठी घराघरांत होता. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची चित्रेही त्यांचीच. म्हणजे एकाच घरात देवघराच्या भिंतीवरही मुळगावकर आणि गादीखाली लपवलेल्या झुंझारच्या पुस्तकावरही मुळगावकर!

त्यांचे चित्र मला का आवडायचे? त्या वयात उत्तर सोपे होते, चित्रातला माणूस हात लावावासा वाटायचा इतका गुळगुळीत. स्प्रेने रंग मारून ते कातडीवरची चमक आणायचे. आज इंजिनाच्या बॉडीला स्प्रे मारताना बघतो तेव्हा कळते की तो गुळगुळीतपणा किती कष्टाचा आहे. हात जरा रेंगाळला की ओघळ आलाच. अण्णांना मात्र मुळगावकरांपेक्षा दीनानाथ दलाल जास्त आवडायचे. दलालही गोव्याचेच, १९१६ चे. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू केला. त्याचे दोन-तीन जुने अंक अण्णांकडे होते. ते म्हणायचे, "मुळगावकरांचं झाकलेलं असतं, दलालांची रेघ उघडी असते. उघडी रेघ मारायला छाती लागते." मला हे तेव्हा पटायचे नाही. आज पटते. रंगाच्या थराखाली चूक दडवता येते, एकेरी रेषेत ती दडत नाही.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली, १९९५ साली. दहावीनंतर मला चित्रकला शिकायची होती. घरात खुशी होईल अशी माझी अपेक्षा. झाले उलटे. अण्णा म्हणाले, "पेंटरच्या पोरानं पेंटर व्हायचं नाही. उन्हात शिडीवर उभं राहून साहेबाच्या शिव्या खायच्या, एवढंच त्यात." मला सोलापूरला पॉलिटेक्निकला घातले. मी रागाने गेलो. त्या रागात एकदा म्हणालो, "तुम्ही कुठे चित्रं काढता? तुम्ही बोर्ड रंगवता." ते काहीच बोलले नाहीत. ट्रंकेतली चित्रे मला दाखवणे मात्र त्यांनी बंद केले.

हे घरगुती पुराण लांबले, माफ करा. पण याच्याशिवाय पुढचे सांगता येत नाही.

इथे नोकरीला आलो तेव्हा मला काशीत कुणी ओळखत नव्हते. सुटीच्या दिवशी घाटांवर फिरायचो, नाहीतर बीएचयूत भारत कला भवनात जायचो. राय कृष्णदासांनी १९२० साली उभे केलेले हे संग्रहालय. बाहेरगावाहून पाहुणे आले की आपण त्यांना विश्वनाथ, सारनाथ आणि बनारसी साडी दाखवून परत पाठवतो. या मंडपातल्या किती जणांनी भारत कला भवन पाहिले आहे, हात वर करा बघू. (चार-पाच हात वर झाले.) बघा! तिथे ॲलिस बोनर या स्विस बाईंचे वेगळे दालन आहे. त्या १९३६ पासून पुढची चाळीस वर्षे अस्सी घाटावर राहिल्या. त्या स्वतः शिल्पकार, पण वेरूळची शिल्पे बघून त्यांना प्रश्न पडला की या मूर्ती एवढ्या हलत्या असून तोल का जात नाही? मग त्यांनी त्या शिल्पांवर वर्तुळे आणि व्यास आखून आकृत्या केल्या. १९६२ साली त्यांचे त्यावरचे पुस्तक आले. आमच्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या माणसाला त्या आकृत्या दाखवल्या तर तो विचारील, "हा कोणता पार्ट आहे?" मला बाईंचे म्हणणे सगळे समजले असे नाही, पण मूर्तीत सेंटर लाइन शोधणारी बाई बघून मला आपल्या जातीचे कुणी भेटल्यासारखे वाटले.

आणि एक नाव आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे असे. के. एस. कुलकर्णी, बेळगावकडचे. मुंबईच्या जे. जे.त शिकले, दिल्लीत शिल्पी चक्र ही चित्रकारांची संस्था ज्यांनी काढली त्यांतले ते एक, आणि सत्तरच्या दशकात आपल्या बीएचयूच्या दृश्यकला विभागाचे प्रमुख होते. एक मराठी माणूस इथल्या पोरांना चित्रे शिकवत होता, आणि आपल्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख माझ्या वाचनात अजून आलेला नाही.

आता ज्याच्याबद्दल बोलायला मी खरे तर आलो आहे तो माणूस. जेम्स प्रिन्सेप. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्याला ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून शिकलो. ते १८३७ सालचे. पण त्याआधी १८२० ते १८३० अशी दहा वर्षे तो बनारसच्या टांकसाळीत होता, नाण्यांतल्या सोन्याचांदीचा कस बघायला. आला तेव्हा वय एकवीस. विलायतेत तो इमारतींचे नकाशे काढायला शिकत होता, पण डोळे बिघडले म्हणून ते सोडावे लागले. आणि डोळे बिघडलेल्या याच पोराने बनारस जसे बघितले तसे त्याच्या आधी कुणी कागदावर उतरवले नव्हते.

त्याने १८२२ साली शहराचा नकाशा केला. शहराची शिरगणती केली. मच्छोदरीचे साचलेले पाणी गंगेत सोडण्यासाठी शहराखालून बोगदा खणला. कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे मिनार, ज्याला लोक माधवरावाचा धरहरा म्हणत, ते डळमळत होते, त्यांची त्याने दुरुस्ती केली. आणि हे सगळे करता करता चित्रे काढली. १८३० नंतरच्या तीन-चार वर्षांत ती पुस्तकरूपाने छापली गेली. त्या पुस्तकाचे पुनर्मुद्रण मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून विकत घेतलेले चित्रांचे पुस्तक. किंमत सांगत नाही, सौभाग्यवती समोर बसल्या आहेत.

प्रिन्सेपच्या चित्रात ठठेरी बाजार आहे. दुकानाचा सज्जा कशावर टेकला आहे ते दिसते. चंद्रग्रहणाची गर्दी आहे, घाटाच्या पायऱ्यांवर माणसांचा समुद्र, पण पायऱ्या कुठे वळतात ते हरवत नाही. इतर साहेब चित्रकारांनी काशी काढली ती बहुतेक धुक्यातली, सोनेरी. प्रिन्सेपच्या काशीत वजन आहे. एखादी कमान काढली तर ती वरचा भार कसा पेलते हे त्याला ठाऊक असते, कारण तसली कमान त्याने स्वतः बांधलेली असते.

अण्णा निवृत्त झाल्यावर २०११ च्या हिवाळ्यात माझ्याकडे आले. आल्या आल्या मला वाटले, यांना दाखवावे काय? मुलगा आणि बाप, आमच्यात बोलणे मोजकेच. मग एका दुपारी मी प्रिन्सेपचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले. अण्णांनी चष्मा पुसला, नाक कागदाला लागेल इतके जवळ नेऊन दोन तास बघितले. इंग्रजी मजकुराकडे ढुंकून पाहिले नाही. शेवटी म्हणाले, "हा माणूस कामावरचा आहे. यानं आधी मोजलंय, मग काढलंय." मी त्यांना सांगितले की हा टांकसाळीत नोकर होता, मिनार दुरुस्त करत होता. त्यावर म्हणाले, "तेच म्हणतोय मी. शिडीवर चढलेला माणूस आहे."

त्या पुस्तकात मणिकर्णिकेजवळच्या रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. तुम्ही सगळे रोज बघता ते, शिंदे घाटाखालचे कललेले. पावसाळ्यात त्याचे दार पाण्याखाली जाते. त्या दिवसांत पुजारी बुडी मारून पूजेला जात असे प्रिन्सेपने नोंदवले आहे. गंमत अशी, की प्रिन्सेपच्या चित्रात देऊळ सरळ उभे आहे! १८६० च्या दशकात काढलेल्या छायाचित्रांतही ते कललेले दिसत नाही. आज मात्र ते सुमारे नऊ अंशांनी झुकलेले आहे. याबद्दल गाइड लोक आईच्या शापाची गोष्ट सांगतात. मी अण्णांना म्हणालो, बहुधा त्याने चित्रात सरळ करून टाकले असेल, चित्रकार करतात तसे. अण्णांना ते आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिंदे घाटावर गेलो. अण्णांनी खिशातून सुताची गुंडी काढली. निवृत्तीनंतरही ती खिशात असायची. सुताच्या टोकाला माझ्या क्वार्टरची किल्ली बांधली, झाला ओळंबा. पायरीवर उभे राहून, हात लांब करून, एक डोळा मिटून ते देवळाकडे बघत राहिले. आजूबाजूचे नावाडी बघायला लागले. एकाने विचारलेसुद्धा, "बाबूजी, का नापत हौआ?" अण्णांना भोजपुरी कळेना, त्याला कुर्डुवाडीची मराठी कळेना, पण त्यानेही एक डोळा मिटून सुतामागून बघितले आणि मान हलवली. मग अण्णा मला म्हणाले, "बाकीच्या चित्रांत यानं कुठं सरळ केलंय का बघ. पडक्या भिंती पडक्याच काढल्यात. मग देऊळ एकट्याचंच कशाला सरळ करील? तो आला तेव्हा सरळ होतं. नंतर पायाखालची माती गेली."

शिंदे घाटाचीही तीच कथा. बायजाबाई शिंद्यांनी तो बांधला आणि स्वतःच्या भारानेच तो खचला. आपल्या मराठ्यांनी इथे एवढा दगड रचला, पण नदीकाठची माती काही विकत घेता आली नाही. मी अण्णांच्या म्हणण्याला पुरावा देऊ शकत नाही. पण एका चित्रकाराच्या शब्दावर दुसऱ्या हातकाम करणाऱ्याने इतका विश्वास ठेवावा, हे मी त्या सकाळी बघितले. आणि मला माझे पंधरा वर्षांपूर्वीचे वाक्य आठवले. माफी मागावीशी वाटली. तेवढ्यात अण्णा चहावाल्याकडे निघाले.

उरलेल्या दिवसांत मी त्यांना रामकुमार दाखवले. रामकुमार हे सिमल्याचे, १९२४ चे, हिंदीतले कथाकारही, निर्मल वर्मांचे थोरले भाऊ. बँकेतली नोकरी सोडून चित्रकार झाले, पॅरिसला शिकले. १९६० च्या सुमारास ते आणि हुसेन असे दोघे बनारसला आले. दिवसा दोघे वेगवेगळ्या दिशांना हिंडायचे, संध्याकाळी भेटायचे. त्याआधी रामकुमारांच्या चित्रांत उदास, बेकार शहरी माणसे असायची. बनारस बघितले आणि त्यांच्या चित्रांतून माणूसच नाहीसा झाला. उरली ती एकमेकांना चिकटलेली घरे, काळे चौकोन, राखेचा आणि चिखलाचा रंग.

पहिल्यांदा दिल्लीला ट्रेनिंगला गेलो असताना राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी त्यांची चित्रे बघितली आणि स्पष्ट सांगतो, राग आला. जिथे चालायला जागा मिळत नाही त्या शहराच्या चित्रात एक माणूस नाही? हे काय बनारस आहे? मी मोठ्या शहाणपणाने अण्णांना सांगितले, की हा वैराग्याचा वगैरे भाव आहे, मृत्यूचे शहर आहे. असे काहीतरी कुठेतरी वाचले होते. अण्णा म्हणाले, "मृत्यू कशाला? पूर ओसरलाय. चंद्रभागेचा पूर ओसरल्यावर पंढरपूरचा घाट असाच दिसतो. सगळ्याला गाळाचा एकच रंग. माणसं अजून खाली उतरली नाहीत."

आपण इथे दर भाद्रपदात बघतो. गणपती बसतात तेव्हा बहुधा गंगा घाटांवर चढलेली असते, आरती गच्चीवर होते, नावा बांधून ठेवलेल्या असतात. पाणी उतरले की पायऱ्यांवर गुडघाभर गाळ, आणि मग पंप लावून तो धुतात. ते दोन-तीन दिवस रामकुमारांच्या चित्राचेच असतात. रामकुमारांच्या मनात ते होते असा माझा दावा नाही. पण तेव्हापासून त्यांचे चित्र मला परके वाटत नाही. दर वर्षी पाणी उतरले की ड्युटीनंतर मी मुद्दाम घाटावर जातो.

हुसेन तर पंढरपूरलाच जन्मले. मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून त्यांनी पोट भरले. हे मी सांगितल्यावर अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे बोर्डच रंगवायचे की!" एवढेच म्हणाले. हुसेनच्या पुढच्या चित्रांवरून काय वाद झाले, ते २०११ साली परदेशात वारले, या सगळ्यावर आपली मते वेगवेगळी असतील आणि गणपतीच्या मंडपात तो विषय नको. माझ्यापुरते सांगायचे तर ती घोड्याच्या मानेची एका दमात मारलेली रेषा मी विसरू शकत नाही. अण्णांच्या भाषेत, उघडी रेघ.

आणखी कितीतरी चित्रकार राहिले. इथल्या गल्लीत लग्न निघाले की दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, कलश, मासे, पहारेकरी काढणारे जे चितारी आहेत, त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात नसतात. हल्ली तिथे छापील फ्लेक्स येतो. स्टेशनच्या बोर्डांचे काय झाले ते आपण रेल्वेवाले जाणतोच. अण्णांच्या हातची अक्षरे आता त्या लाइनीवर शोधून सापडणार नाहीत.

ट्रंकेचे सांगायचे राहिले. अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले. त्याआधी, ते निवृत्त झाल्यावर कुर्डुवाडीचे क्वार्टर रिकामे करताना सामान मी आवरले होते. ट्रंक गंजली होती, आतल्या कागदांना वाळवी लागली होती. मी उघडून नीट बघितले नाही. रद्दीवाल्याला दिली. मुळगावकर, दलाल, चाळीस वर्षांची कॅलेंडरे. अण्णांनी त्याबद्दल कधी विचारले नाही. घाटावर ओळंबा धरून उभे होते त्या दिवशीही नाही.

त्या मुक्कामात मंडळाच्या तेव्हाच्या कार्यवाहांनी अण्णांना विचारले होते, की पुढच्या उत्सवासाठी एक फलक लिहून द्याल का? अण्णांनी माझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात पाच दिवस बसून लिहिला. शिडी लागली नाही, पण पहिल्या दिवशी सूत ताणताना दुसरे टोक धरायला त्यांनी मला हाक मारली. तो फलक आज माझ्या मागे आहे. दरवर्षी असतो. कार्यक्रम संपल्यावर प्रसाद घेऊन जाताना जरा जवळ जाऊन बघा. 'श्री'च्या वेलांटीजवळ खडूच्या सुताची पांढरी रेषा अजून आहे. मी पुसायला गेलो होतो, तर म्हणाले, "राहू दे. कुणी मोजलं तर कळेल."